घराला कॅमेरे बसविताना

चोरी झाली की पंचनाम्याच्या वेळी पहिली विचारणा होते ती कॅमेऱ्याची. कॅमेरा असतो, पडद्यावर चित्रही दिसत असते. परंतु मागील चित्रण पाहू जाता हार्ड डिस्क कित्येक आठवड्यांपूर्वीच बंद पडल्याचे लक्षात येते. किंवा चित्रण सापडते आणि त्यात चोराच्या टोपीचा वरचा भाग तेवढा स्पष्ट दिसतो, चेहरा नाही. अनेकदा दोष यंत्राचा नसतोच. कॅमेरा कशासाठी हवा, हे न ठरविता 'चार कॅमेऱ्यांचा संच' घेतला जातो आणि बसविणारा कारागीर जिथे शिडी सहज लागेल तिथे तो ठोकून जातो.

घराच्या राखणीसाठी कॅमेरा ही कल्पना समजली जाते तितकी नवी नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या परिचारिकेने पती अल्बर्ट यांच्यासह १९६६ मध्ये अशा यंत्रणेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ च्या डिसेंबरमध्ये ते त्यांना मिळाले. तिच्या आराखड्यात दाराला वेगवेगळ्या उंचीवर भोके होती आणि कॅमेरा त्यांच्यामागे वर-खाली सरकत असे. उंच माणूस असो वा लहान मूल, आलेल्याचा चेहरा दिसला पाहिजे, एवढाच त्यामागील विचार होता. आज कॅमेरे छताला टेकवून बसविणाऱ्यांना नेमके याचेच विस्मरण होते.

चेहरा किती अंतरावरून ओळखता येतो?

दुकानात गेल्यावर विक्रेता मेगापिक्सेलचे आकडे सांगू लागतो. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, पाहावयाच्या जागेच्या एका मीटर रुंदीत चित्राचे किती बिंदू येतात? आयईसी ६२६७६-४ या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार कोणीतरी माणूस आहे एवढे कळण्यासाठी मीटरला २५ बिंदू पुरेसे असतात. ओळखीचा माणूस ओळखू येण्यासाठी १२५, तर अनोळखी माणसाची ओळख निःसंशय पटण्यासाठी २५० बिंदू लागतात.

या आकड्यांवरून कोणालाही हिशेब करता येतो. दोन मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १,९२० बिंदूंची असते. मीटरला २५० बिंदू हवे असतील तर चित्रात जेमतेम पावणेआठ मीटर रुंदीचीच जागा मावली पाहिजे. घरगुती संचात सर्रास येणाऱ्या २.८ मिलिमीटरच्या भिंगाचा दृष्टिकोन सुमारे १०० अंशांचा असतो आणि त्यातून एवढी रुंदी सव्वातीन मीटरवरच व्यापली जाते. म्हणजे सव्वातीन मीटरपलीकडील अनोळखी चेहऱ्याची खात्रीशीर ओळख पटण्याची अपेक्षा अशा कॅमेऱ्याकडून ठेवू नये. तोच कॅमेरा चार मेगापिक्सेलचा घेतला तरी हे अंतर केवळ मीटरभराने वाढते. उलट सहा मिलिमीटरचे भिंग लावले तर दोन मेगापिक्सेलमध्येही आठेक मीटरपर्यंत काम भागते. मात्र आजूबाजूचे दृश्य कापले जाते.

यावरून निष्कर्ष सरळ निघतो. संपूर्ण अंगणावर नजर ठेवणारा एक रुंद भिंगाचा कॅमेरा आणि फाटक, मुख्य दार किंवा जिन्याचे तोंड अशा अपरिहार्य वाटेवर रोखलेला एक अरुंद भिंगाचा कॅमेरा, ही जोडी चार एकसारख्या कॅमेऱ्यांपेक्षा अधिक उपयोगी पडते. उंची अडीच ते तीन मीटरच्या दरम्यान असावी. त्याहून वर गेल्यास डोक्याचे माथे दिसू लागतात, खाली आल्यास कोणीही हात उंचावून कॅमेऱ्याचे तोंड फिरवितो. दाराबाहेर लख्ख ऊन आणि आत अंधार असेल तर येणाऱ्याची केवळ काळी आकृती उमटते. अशा जागेसाठी 'डब्ल्यूडीआर' म्हणजे उजेड आणि सावली दोन्ही सांभाळण्याची सोय असलेलाच कॅमेरा घ्यावा.

रात्रीच्या चित्रणाचा प्रश्न निराळा आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचे दिवे असतात. जवळची भिंत, पत्र्याची कड किंवा कुंडीतील झाडाचे पान या प्रकाशात पांढरेफटक होते आणि मागचे सारे अंधारात बुडते. त्या दिव्यांकडे कीटक येतात, कीटकांमागे कोळी येतो आणि भिंगासमोर जाळे विणतो. हलचाल टिपून मोबाईलवर सूचना देणारा कॅमेरा मग रात्रभर त्या जाळ्याचीच वार्ता देत राहतो आणि कंटाळलेला मालक सूचनाच बंद करून टाकतो.

तार की बिनतारी

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. कोॲक्सिअल तारेने डीव्हीआर या रेकॉर्डरला जोडावयाचे कॅमेरे स्वस्त आणि दुरुस्तीस सोपे असतात. जुन्या इमारतीत अशी तार आधीच ओढलेली असेल तर ती काढून टाकण्याचे कारण नाही. दुसरा प्रकार संगणकाच्या जाळ्यावर चालणाऱ्या आयपी कॅमेऱ्यांचा. त्यांत 'पॉवर ओव्हर इथरनेट'ची सोय असल्यास एकाच तारेतून वीज आणि चित्र दोन्ही जातात. २००३ मध्ये ठरलेल्या या पद्धतीच्या पहिल्या मानकानुसार जाळ्याच्या स्विचमधून एका कॅमेऱ्याला १५.४ वॉटपर्यंत वीज देता येते आणि तारेची लांबी १०० मीटरपर्यंत चालते. घर नव्याने बांधले जात असेल वा रंगकाम निघाले असेल, तर हाच मार्ग पत्करावा. तार मात्र शुद्ध तांब्याचीच मागून घ्यावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार बाजारात मुबलक आहे. तिचा विद्युतरोध अधिक असल्याने लांबच्या कॅमेऱ्याला पुरेशी वीज पोहोचत नाही. दिवसा सुरळीत चालणारा कॅमेरा रात्री अवरक्त दिवे लागताच बंद पडत असेल तर पहिला संशय तारेवर घ्यावा.

तिसरा प्रकार वाय-फायच्या कॅमेऱ्यांचा. भाड्याच्या घरात भिंती फोडता येत नाहीत, तेथे त्यांना पर्याय नाही. परंतु 'बिनतारी' हा शब्द फसवा आहे, कारण बॅटरीवर चालणारे वगळता या कॅमेऱ्यांनाही विजेची तार लागतेच. वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतींतून तुलनेने दूर जातो, पण दाट वस्तीच्या सोसायटीत शेजारपाजारच्या राऊटरांनी तो गजबजलेला असतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा असला तरी एक-दोन भिंतींतच क्षीण होतो. दगडी वाड्याच्या हातभर जाड भिंतीपुढे तर दोन्हींचा निभाव लागत नाही. कॅमेरा बसविण्यापूर्वी त्या जागी मोबाईल धरून चित्रफीत अडखळते का, हे पाहिल्यास पुढचा मनस्ताप वाचतो. शिवाय वाय-फायचा संपर्क बाहेरून मुद्दाम तोडता येतो. त्यामुळे मुख्य दारावरील कॅमेरा तरी तारेचाच असावा.

वीज गेली की कॅमेरा चालतो, पण राऊटर बंद पडतो, ही तऱ्हा अनेक घरांत दिसते. राऊटर, रेकॉर्डर आणि स्विच हे तिन्ही इन्व्हर्टरवर असले पाहिजेत; राऊटरपुरता बारा व्होल्टचा छोटा यूपीएसही मिळतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर खरी परीक्षा पावसाची. खोक्यावर 'आयपी ६६' किंवा 'आयपी ६७' लिहिलेले असले तरी ते कॅमेऱ्याच्या अंगापुरते असते. तारेचे जोड उघडे लोंबकळत राहिले तर पहिल्याच पावसाळ्यात गंजतात. जोड बंद डबीत घालावेत आणि डबीत शिरण्यापूर्वी तारेला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तारेवरून आत न जाता झोळाच्या तळाशी ठिबकते.

चित्रण किती दिवस टिकेल?

दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा एच. २६४ पद्धतीने सेकंदाला चार मेगाबिट या वेगाने चित्रण करीत असेल, तर दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट जागा व्यापतो. चार कॅमेऱ्यांना एक टेराबाइटची डिस्क सहा दिवसही पुरत नाही. २०१३ मध्ये मान्य झालेली एच. २६५ पद्धत वापरून वेग निम्म्यावर आणला तर तीच डिस्क साडेअकरा दिवस आणि दोन टेराबाइटची डिस्क तेवीस दिवस जाते. उन्हाळ्याच्या सुटीत तीन आठवडे गावी जाणाऱ्या कुटुंबाने हा हिशेब आधीच करावा. डिस्क भरली की सर्वांत जुने चित्रण आपोआप पुसले जाते, आणि चोरी परतल्यावर उघडकीस येते.

सारे चित्रण 'क्लाऊड'वर ठेवण्याचा पर्याय सुटसुटीत वाटतो. परंतु वरच्याच चार कॅमेऱ्यांचे अखंड चित्रण पाठवावयाचे तर ८ मेगाबिटचा वेग सतत अडकून पडतो आणि महिन्याला सुमारे २,६०० गिगाबाइट खर्ची पडतात. म्हणून हालचालीपुरतेच चित्रण बाहेर पाठवावे आणि अखंड चित्रण घरच्या रेकॉर्डरवर ठेवावे. हा रेकॉर्डर दूरचित्रवाणी संचाखाली दर्शनी भागात ठेवण्याची पद्धत मात्र सोडली पाहिजे. चोर तोही बरोबर नेतो.

जाळ्याची राखण

फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातील महिला रुग्णांच्या तपासणीचे चित्रण समाजमाध्यमांवर विक्रीस आल्याचे उघड झाले. अहमदाबादच्या सायबर पोलिसांनी केलेल्या तपासाचे धागे लातूर आणि सांगलीपर्यंत पोहोचले. यंत्रणेचा पासवर्ड 'ॲडमिन' या शब्दापुढे एक-दोन-तीन आकडे इतका सोपा असल्याचे त्यानंतर समोर आले. कुलूप लावून किल्ली दारालाच अडकवून ठेवावी, तसा हा प्रकार.

याहून व्यापक उदाहरण २०१६ चे. 'मिराई' नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्या एकामागून एक लावून पाहत जगभरातील असंख्य कॅमेरे, रेकॉर्डर आणि राऊटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा बळकावलेल्या यंत्रांनी अमेरिकेतील डिन या कंपनीवर हल्ला चढविला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास विस्कळीत झाल्या. ज्यांच्या घरचे कॅमेरे यात वापरले गेले, त्यांच्या पडद्यावरील चित्र नेहमीसारखेच दिसत होते.

त्यामुळे कारागीर जाण्यापूर्वी कॅमेरा, रेकॉर्डर आणि राऊटर या तिन्हींचे पासवर्ड मालकाने स्वतः बदलावेत. ते परस्परांहून वेगळे आणि लांब असावेत. कारागिराने आपल्या मोबाईलवर चाचणीसाठी जोडलेले खातेही काढावयास लावावे. वाय-फायला डब्ल्यूपीए२ किंवा २०१८ पासून आलेले डब्ल्यूपीए३ हेच संरक्षण ठेवावे. राऊटरमधील 'यूपीएनपी' ही सोय बंद करावी, कारण तिच्यामुळे कॅमेरा मालकाला न विचारता इंटरनेटच्या दिशेने दार उघडू शकतो. बाहेरून चित्र पाहता यावे म्हणून 'पोर्ट फॉरवर्डिंग' करून देणारे कारागीर अजूनही आहेत. त्यांना नम्रपणे नकार द्यावा. कॅमेऱ्यांना शक्यतो राऊटरच्या पाहुण्यांसाठीच्या जाळ्यावर ठेवावे, म्हणजे एखादा कॅमेरा फितूर झाला तरी बँकेचे व्यवहार होणाऱ्या संगणकापर्यंत त्याचा हात पोहोचणे कठीण होते. शयनगृहात तर कॅमेरा बसवूच नये. लहान मूल वा आजारी वृद्ध यांच्यासाठी तो अटळ असेल, तर गरजेपुरता सुरू करून एरवी त्याचा प्लग काढून ठेवावा.

खरेदीच्या वेळी आता एक आधार उपलब्ध आहे. केंद्र सरकारने ९ एप्रिल २०२४ च्या अधिसूचनेद्वारे सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षाविषयक चाचण्या बंधनकारक केल्या आणि मुदतवाढीनंतर ९ एप्रिल २०२५ पासून त्या लागू झाल्या. खोक्यावरील भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक 'बीआयएस केअर' या मोबाईल ॲपवर तपासता येतो. अनोळखी नावाचा स्वस्त संच घेण्यापूर्वी तरी हे दोन मिनिटांचे काम टाळू नये.

शेजारी आणि न्यायालय

आपल्या दारावरचा कॅमेरा समोरच्याच्या दिवाणखान्यात डोकावत असेल तर तक्रार होणारच. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपण हा मूलभूत हक्क ठरविला आहे. कोलकात्यातील एका सामाईक घरात भावाच्या संमतीविना राहत्या भागात लावलेले कॅमेरे उच्च न्यायालयाने बंद ठेवण्यास सांगितले आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. एकत्र कुटुंबाच्या वाड्यात वा वाटणी न झालेल्या घरात राहणाऱ्यांनी हा निकाल ध्यानी ठेवावा. वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी व्यक्तीने केलेल्या वापराला २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातून सूट आहे. सोसायटीने ती आपल्यालाही आहे असे गृहीत धरू नये. बऱ्याच कॅमेऱ्यांत नको तो भाग काळा करण्याची सोय असते. शेजाऱ्याची खिडकी तिने झाकून त्यांना तसे पडद्यावर दाखविले की बहुतेक वाद जिन्यातच मिटतात.

चित्रण पुरावा म्हणून टिकावे यासाठीचा दंडक जालन्याच्या खटल्यातून पक्का झाला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, हे निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रणावरून ठरवावयाचे होते. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले की, मूळ यंत्रच न्यायालयात आणले नसेल, तर प्रतीसोबत विहित प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हीच तरतूद पुढे आली आहे. त्या प्रमाणपत्राचे दोन भाग असून एक यंत्राची जबाबदारी असणाऱ्याने, तर दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा असतो. चित्रणात बदल झाला नसल्याची खूण ठरणारी 'हॅश' संख्याही त्यात नोंदवावी लागते.

म्हणून घटना घडल्यावर रेकॉर्डरचे घड्याळ खऱ्या वेळेच्या किती पुढे-मागे आहे, ते प्रथम लिहून ठेवावे. पडद्यावरचे दृश्य मोबाईलने टिपून समूहांवर पाठविण्याऐवजी संबंधित तासांचे मूळ चित्रण नव्या पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावे आणि डिस्कवरील जुने चित्रण पुसले जाण्याआधी रेकॉर्डर बंद करून पोलिसांच्या स्वाधीन करावा. स्वाधीन करताना त्याच्या अनुक्रमांकाची नोंद पंचनाम्यात झाली आहे, एवढे पाहून सही करावी.