मैफलीचे छायाचित्रण : लेन्सची निवड कशी करावी?

प्रत्यक्ष कार्यक्रमांच्या छायाचित्रणात शास्त्रीय संगीताची मैफल हा कसोटीचा प्रकार मानावा लागेल. पुण्यात १९५३ साली सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या ठिकाणी प्रकाश छायाचित्रकाराच्या हाती नसतो, जागा फारशी बदलता येत नाही आणि हुकलेला क्षण पुन्हा मागता येत नाही. त्यामुळे कोणत्या लेन्स न्यायच्या, हे घरातून निघण्यापूर्वीच ठरवावे लागते.

पहिला निकष प्रकाशाचा. फ्लॅशमुळे कलाकाराची एकाग्रता भंगते, म्हणून तो वर्ज्यच समजावा. अशा वेळी मोठ्या ॲपर्चरच्या लेन्सला पर्याय नाही. एफ/२.८ वर जितका प्रकाश आत येतो, त्याचा चौथा हिस्साच एफ/५.६ वर येतो. आयएसओ ३२०० ठेवून एफ/२.८ वर १/२५० सेकंदाचा शटर स्पीड मिळत असेल, तर एफ/५.६ वर तो १/६० पर्यंत घसरतो. आलापीत एवढा वेग चालून जातो. मात्र तबलावादकाची बोटे आणि तानेबरोबर उठणारा गायकाचा हात पुसट होतो. लेन्समधील स्थिरीकरणाची सोय छायाचित्रकाराच्या हाताचा कंप आवरते, कलाकाराची हालचाल नव्हे. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ मिमी लेन्स नेमकी इथेच उणी पडते.

दुसरा निकष अंतराचा. मंचापासून दूर बसल्यास ७०-२०० मिमी, एफ/२.८ ही लेन्स सर्वाधिक उपयोगी ठरते. मुद्राभाव टिपण्याचे मुख्य काम तिचेच. समोरून ध्वनिक्षेपक चेहरा झाकतो. या लेन्समुळे थोडे बाजूला बसूनही चेहरा जवळून टिपता येतो. दोन तानपुरे, संवादिनी, तबला आणि श्रोते यांच्यासह संपूर्ण मंच दाखवण्यासाठी २४-७० मिमी लेन्स पुरेशी होते. वाइड लेन्सने फार जवळून टिपल्यास कडेचे चेहरे ताणलेले दिसतात, हे ध्यानात ठेवावे.

या दोन्ही लेन्स महागड्या आहेत. खर्च आवरायचा असल्यास ५० मिमी, एफ/१.८ आणि ८५ मिमी, एफ/१.८ या स्थिर फोकल लेंग्थच्या लेन्स घ्याव्यात. एफ/२.८ च्या तुलनेत त्यांतून दुपटीहून अधिक प्रकाश येतो. एपीएस-सी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ८५ मिमी लेन्सचा दृश्यकोन सुमारे १३० मिमी लेन्सएवढा होतो. छोट्या सभागृहात तेवढे पुरते.

तिसरी आणखी लेन्स नेण्याचा मोह टाळावा. लेन्स बदलण्यात अर्धे मिनिट जाते आणि समेवर आलेली दाद तेवढ्यात विरून जाते. शक्य असल्यास दोन कॅमेऱ्यांवर दोन लेन्स चढवून ठेवाव्यात. तानपुरे जुळत असतानाच दोन्हींवर चाचणी छायाचित्रे घेऊन प्रकाशाचा अंदाज बांधावा आणि षड्ज लागल्यावर केवळ गाण्याकडे लक्ष द्यावे.