ॲलर्जी : एका शब्दाचा प्रवास आणि एक लाल शेरा

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस आज ॲलर्जीवर काय बोलणार, असं काहींच्या मनात आलं असेल. आम्ही डॉक्टर नाही, औषध सांगणार नाही. पण ‘ॲलर्जी’ हा शब्द ज्यांनी घडवला, ते क्लेमेन्स फॉन पिर्के वैद्यकाकडे वळण्यापूर्वी धर्मशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकले होते. तेवढ्या नात्यानं आम्हाला बोलू द्या.

दुसरं कारण घरचं. लहानपणी तापात आम्हाला पेनिसिलीन दिलं आणि अंगावर पुरळ उठलं. आईनं ते सगळ्यांना सांगितलं. पुढे साठ वर्षं आमच्या प्रत्येक केसपेपरवर लाल शाईत शेरा होता : पेनिसिलीनची ॲलर्जी. खरं की खोटं, कुणी विचारलं नाही, आम्हीही नाही. या शेऱ्याकडे शेवटी येऊ.

गोष्ट सुरू होते 1901 साली, समुद्रावर. मोनॅकोचे राजे पहिले आल्बेर यांच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच संशोधक फायसेलिया या समुद्री जीवाचं विष अभ्यासत होते. पावसाळ्यात जुहूच्या किनाऱ्यावर जे निळे फुगे वाहून येतात, ज्यांना आपण ब्लू बॉटल म्हणतो, तेच हे. फ्रान्सला परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाचं विष घेऊन कुत्र्यांवर प्रयोग केले. नेपच्यून नावाच्या कुत्र्यानं पहिली मात्रा सहज पचवली. सुमारे तीन आठवड्यांनी तेवढीच मात्रा पुन्हा दिली आणि तो अर्ध्या तासाच्या आत मेला.

आता गंमत पाहा. तोवरची समजूत अशी, की विषाची थोडी थोडी ओळख झाली की शरीर सावध होतं. लशीचं तत्त्व तेच. इथे उलटं घडलं. ओळखच घातक ठरली. संरक्षणाला ग्रीकमध्ये ‘फायलॅक्सिस’ म्हणतात. त्याच्या उलट म्हणून रिशेंनी 1902 मध्ये ‘ॲनाफायलॅक्सिस’ हा शब्द केला. 1913 चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं.

त्याच सुमारास व्हिएन्नात पिर्के आणि बेला शिक मुलांवर उपचार करत होते. घटसर्पावर तेव्हा घोड्याच्या रक्तातली लस, म्हणजे सीरम, टोचत. त्यानं मुलं वाचत. पण काहींना आठ-बारा दिवसांनी ताप येई, गांधी उठत, सांधे दुखत, गाठी सुजत. तेच सीरम पुन्हा दिलं तर त्रास लवकर, कधी काही तासांतच, सुरू होई. पिर्केंनी बोट ठेवलं ते या दिवसांवर. सीरम विषारी असतं तर आठ दिवस थांबलं कशाला असतं? म्हणजे मधल्या काळात शरीरच बदलत होतं. त्रास फक्त बाहेरच्या पदार्थात नव्हता, शरीराच्या उत्तरात होता.

या बदललेल्या प्रतिसादाला 1906 मध्ये त्यांनी नाव दिलं ‘ॲलर्जी’ : ग्रीक ‘आलोस’ म्हणजे वेगळं, ‘एर्गॉन’ म्हणजे कार्य. ध्यानात घ्या, शब्द तटस्थ होता. बदल भल्यासाठी असो की बुऱ्यासाठी, दोन्ही त्यात येत. पुढे वाईट अर्थ तेवढा उरला. आपल्याकडे ‘वावडं’ हा जुना शब्द आहेच. पण वांग्याचं वावडं आणि कंटाळवाण्या पाहुण्याची ‘ॲलर्जी’, आपण सगळं एकाच टोपलीत टाकतो.

शरीर बदलतं म्हणजे काय? 1921 मध्ये कार्ल प्राउस्निट्झ यांनी सहकारी क्युस्टनर यांच्या रक्तातला द्रव स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला. क्युस्टनर यांना मासे चालत नसत. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, तर प्राउस्निट्झ यांना गांध उठली. म्हणजे वावडं रक्तातून दुसऱ्याला देता येत होतं! ते वाहून नेणारं प्रतिपिंड, आयजीई, 1960 च्या दशकात सापडलं. पहिल्या भेटीत ते तयार होतं, पेशींवर जाऊन बसतं. पुढच्या भेटीत त्या पेशी हिस्टामिन सोडतात : खाज, गांधी, ओठ-जीभ सुजणं, धाप, उलटी, रक्तदाब कोसळणं. अशा वेळी मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन आणि तातडीनं रुग्णालय. घरी वाट पाहायची नाही. औषधांच्या काही प्रतिक्रिया मात्र वेगळ्या वाटेनं, काही दिवसांनी किंवा आठवड्यांनीही येतात. पुरळासोबत ताप, तोंडात फोड, डोळे लाल, कातडी सुटणं असं दिसलं तर तेही तितकंच गंभीर.

आता तो लाल शेरा. पेनिसिलीननं जुलाब झाले, मळमळलं, तर तो दुष्परिणाम, ॲलर्जी नव्हे. लहान मुलाच्या तापात उठलेलं पुरळ पुष्कळदा विषाणूचंच असतं. अमेरिकेत साधारण दहापैकी एकाच्या नोंदीत पेनिसिलीनची ॲलर्जी असते. नीट तपासलं तर त्यातल्या 90 टक्क्यांहून अधिक लोकांना ते चालतं. खरी ॲलर्जीसुद्धा काळानुसार बहुतेकांत ओसरते. आणि चुकीच्या शेऱ्याची किंमत असते : साधं, गुणकारी औषध सोडून महागडं, जास्त त्रासाचं औषध घ्यावं लागतं.

दोन वर्षांपूर्वी एका शस्त्रक्रियेआधी तज्ज्ञांनी आमची त्वचाचाचणी केली, मग त्यांच्या देखरेखीखाली थोडी थोडी मात्रा दिली. काही झालं नाही. साठ वर्षांचा शेरा एका सकाळी खोडला गेला.

म्हणून हा प्रयोग घरी करू नका, बरं का, नेपच्यूनला आठवा. शेरा मनानं खोडायचा नाही, तसाच तो न विचारता वाहायचाही नाही. कोणतं औषध, कधी घेतलं, किती वेळानं काय झालं, हे कागदावर लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. ‘किती वेळानं’ हाच पिर्केंचा प्रश्न होता. आईला तो कुणी विचारला असता, तर तिनं नक्की सांगितलं असतं. आज सांगायला ती नाही.