सुहैलीचा कणा

चंदीगडात शिडाच्या होडीचा विषय निघाला की बोलणे सुखना तलावापाशी येऊन थांबते. शिवालिकच्या टेकड्यांतून पावसाळ्यात धावणाऱ्या ओढ्याला 1958 साली बांध घालून हा तलाव करण्यात आला. या नगराच्या रचनेत ल कॉर्ब्युझिए यांचे सहकारी असलेले पिएर जानरे यांना त्याचा एवढा लळा होता की, 1970 साली त्यांच्या अस्थी याच पाण्यात विसर्जित केल्या गेल्या. परंतु टेकड्यांवरून येणाऱ्या गाळाने तलाव उथळ होत गेला आहे; आणि बुडाखाली जड, खोल कणा असलेल्या शर्यतीच्या नौकेला उथळ पाण्यात स्थान नाही. या कण्याला इंग्रजीत कील म्हणतात, कोकणच्या सुतारांचा शब्द पठाण. अशा एका नौकेने जगाच्या सागरी इतिहासात अपूर्व विक्रम केला आणि ती मुंबईत बांधलेली होती, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी ठाऊक नाही.

तिचे नाव सुहैली. इराणच्या आखातातील अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला हे नाव देतात. तिचा मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा व्यापारी जहाजांवरील तरुण ब्रिटिश अधिकारी होता. 1964 च्या अखेरीस ती पाण्यात उतरली. लांबी 32 फूट, डोलकाठ्या दोन, लाकूड सागाचे. आराखडा अमेरिकन रचनाकार विल्यम ॲटकिन यांचा, आणि तोही चाळीस वर्षांचा जुना. त्याचे मूळ नॉर्वेच्या कॉलिन आर्चर यांनी आखलेल्या, वादळात सापडलेल्या कोळ्यांना सोडवण्यासाठी जाणाऱ्या नौकांत होते. सुतारांची मुख्य हत्यारे म्हणजे वाकस आणि दोरीने फिरवायचा सामता. ज्या मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने 1817 साली सागाची ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका बांधली, जी इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही उभी आहे, त्याच शहराच्या कारागिरीचा हा उशिराचा अंकुर म्हणावयास हरकत नाही.

कण्याचे काम दुहेरी असते. वारा बाजूने लागला की शीड नौकेला पुढे ढकलते, तसेच आडवेही सरकवते. पाण्यात खोल गेलेला कणा ते आडवे सरकणे रोखतो आणि त्यातील लोखंडाचा वा शिशाचा भार कललेल्या नौकेला पुन्हा सरळ करतो. शर्यतीच्या आधुनिक नौकांत हा कणा माशाच्या परासारखा आखूड व खोल असतो, सुकाणू त्यापासून वेगळे. पाण्याशी घर्षण कमी होते, नौका चटकन वळते, वाऱ्याच्या तोंडाशी अधिक जवळून जाते. त्याची किंमत अशी की, सुकाणूवरचा हात क्षणभर ढिला पडला तरी ती भरकटू लागते. सुहैलीचा कणा याच्या अगदी उलट: बुडाच्या बहुतेक लांबीभर गेलेला, सुकाणू त्याच्याच मागच्या कडेला टांगलेले. अशी नौका मंद, वळायला आळशी. पण एकदा दिशा धरली की सहसा सोडत नाही.

1968 साली एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत जाहीर झाली, तेव्हा या मंद नौकेवर कोणी भरवसा ठेवावा असे तिच्यात काही दिसत नव्हते. प्रतिस्पर्ध्यांत बेर्नार मॉइतेसिए यांची पोलादी ‘जोशुआ’ होती, तीन सांगाड्यांच्या वेगवान नौका होत्या. 14 जून रोजी सुहैली फालमथहून निघाली. अटलांटिकमध्येच कण्यालगतच्या सांध्यातून पाणी आत येऊ लागले. नॉक्स-जॉन्स्टनने पाण्यात बुड्या मारून सांध्यात कापूस ठासला आणि वर तांब्याची पट्टी ठोकली. मुंबईच्या कामातील हा उणेपणा लपवण्याचे कारण नाही. पुढे दक्षिण महासागरात एका लाटेने नौका आडवी पाडली, केबिन जागची हलली; सागाची अंगे मात्र टिकली. ऑस्ट्रेलियापाशी आपोआप दिशा राखणारे यंत्र निकामी झाले. तेथून घरापर्यंत अर्धी पृथ्वी उरली होती, आणि ती नौका केवळ शिडांचा तोल साधून आपली वाट धरीत राहिली. आखूड कण्याच्या चपळ नौकेत एकट्या माणसाला हे कितपत साधले असते, याची मला शंका आहे.

22 एप्रिल 1969 रोजी, 312 दिवसांनी, ती फालमथला परतली. सरासरी वेग ताशी सुमारे 4 सागरी मैल. निघालेल्या नऊ जणांत शर्यत पुरी करणारा तो एकटाच. इतिहासग्रंथांनी नाव त्याचे नोंदले, हे योग्यच. मात्र ज्यांनी वाकसाने तो कणा तासला, त्यांची नावे कोणी सांगत नाही.

पन्नास वर्षांनी, 2018 साली, ही शर्यत पुन्हा भरवण्यात आली आणि नियमाने लांब कण्याच्याच नौकांना प्रवेश मिळाला. अभिलाष टॉमी यांच्यासाठी गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात सुहैलीची प्रतिकृती ‘थुरिया’ बांधली गेली. 21 सप्टेंबर रोजी हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने ती उलथली, डोलकाठ्या मोडल्या, टॉमी यांच्या पाठीला गंभीर इजा झाली आणि तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले. सारख्याच घडणीच्या दोन नौकांना सागराने वेगवेगळे न्याय दिले. टॉमी पुन्हा उभे राहिले आणि 2023 च्या एप्रिलात त्याच शर्यतीत दुसरे आले. त्यांची ‘बायानत’ फायबरची, ब्रिटनमध्ये घडलेली होती. सुकाणू मात्र तिचेही लांब कण्याच्या मागच्या कडेलाच टांगलेले होते.