ऊर्जा तारांकन (भारत)

ऊर्जा तारांकन ही भारतात विकल्या जाणाऱ्या विद्युत उपकरणांची ऊर्जा कार्यक्षमता एक ते पाच ताऱ्यांच्या साहाय्याने दर्शविणारी शासकीय पद्धती आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या अखत्यारीतील ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो (बीईई) ही संस्था तारांकनाचे निकष ठरविते व वेळोवेळी सुधारते.

== पार्श्वभूमी ==
ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ अन्वये १ मार्च २००२ रोजी ब्युरोची स्थापना झाली. मे २००६ मध्ये तारांकनास प्रारंभ झाला, तेव्हा ते ऐच्छिक होते. ऐच्छिक पद्धतीत अधिक वीज खाणाऱ्या उपकरणाचा निर्माता लेबल न लावताच माल विकू शकत असे. ही उणीव दूर करण्यासाठी २०१० पासून फ्रॉस्ट-फ्री फ्रिज, ट्यूबलाइट, घरगुती वातानुकूलन यंत्रे व वितरण रोहित्रे यांना लेबल अनिवार्य करण्यात आले. छताच्या पंख्यांना ते २०२३ च्या प्रारंभापासून अनिवार्य झाले. अनिवार्य गटात एक तारा ही किमान पात्रता असते. त्याखालील उपकरण विकता येत नाही.

== निकषांची सुधारणा ==
तंत्रज्ञान सुधारले की बहुतेक उपकरणे पाच ताऱ्यांपर्यंत पोहोचतात आणि ताऱ्यांतील भेद निरर्थक होतो. म्हणून ठरावीक काळाने निकष कडक केले जातात. जुलै २०२२ पूर्वी स्प्लिट वातानुकूलन यंत्रास पाच ताऱ्यांसाठी ४.५ गुणोत्तर पुरेसे होते. त्यानंतर ते ५.० झाले. परिणामी ४.६ गुणोत्तराचे यंत्र पाच ताऱ्यांवरून चार ताऱ्यांवर आले. यंत्र तेच राहिले. बदलली ती मोजपट्टी.

मापनाची रीतही बदलते. पूर्वी वातानुकूलन यंत्राची कार्यक्षमता ३५ अंश सेल्सिअस या एकाच बाह्य तापमानाला मोजली जाई. त्यामुळे गरजेनुसार वेग कमी-जास्त करणाऱ्या इन्व्हर्टर यंत्राचा लाभ दिसत नसे. २०१८ पासून सर्व यंत्रांना लागू झालेल्या भारतीय हंगामी ऊर्जा कार्यक्षमता गुणोत्तरात २४ ते ४३ अंश तापमान व वर्षाला १,६०० तासांचा वापर गृहीत धरला जातो.

== पडताळणी ==
निर्माता मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतील चाचणीच्या आधारे उपकरणाची नोंदणी करतो. त्यानंतर बाजारातील नमुने घेऊन लेबलावरील दाव्याची पडताळणी केली जाते. पहिला नमुना अनुत्तीर्ण झाल्यास दुप्पट नमुन्यांची पुन्हा चाचणी होते.

== लेबलाचे वाचन व मर्यादा ==
लेबलावर ताऱ्यांसह वार्षिक वीजवापर (युनिटमध्ये) आणि लेबलाचा वैधता कालावधी छापलेला असतो. वेगवेगळ्या कालावधींतील ताऱ्यांची थेट तुलना करता येत नाही. तारे समान प्रकारच्या व क्षमतेच्या उपकरणांची तुलना करण्यासाठीच असतात. मोठा पंचतारांकित फ्रिज लहान त्रितारांकित फ्रिजपेक्षा अधिक वीज वापरू शकतो. त्यामुळे ताऱ्यांपेक्षा वार्षिक युनिटांचा आकडा अधिक उपयुक्त ठरतो.

अधिक तारांकित उपकरण सहसा महाग असते. ते परवडते की नाही हे वापराच्या तासांवर अवलंबून असते. उदाहरणार्थ, ७५ वॅटचा पंखा रोज १० तास, वर्षातून ३०० दिवस चालल्यास २२५ युनिट वीज लागते. ३० वॅटच्या पंख्यास ९० युनिट पुरतात. वाचलेल्या १३५ युनिटांना वीजदराने गुणल्यास वार्षिक बचत मिळते. किमतीतील फरकास या बचतीने भागले असता तो किती वर्षांत भरून निघेल हे कळते. क्वचित वापराच्या खोलीत हा कालावधी बराच लांबतो.