गुरांचा भाव : रुमालाखालचा आणि उघडा

रोजचें वर्तमानपत्र उघडलें म्हणजे सोन्याचा भाव, कांद्याचा भाव, कंपन्यांच्या भागांचा चढउतार हें सर्व डोळ्यांपुढें येतें. बैलजोडी कितीस गेली, दुसऱ्या वेताची म्हैस काय किंमतीस उतरली, हें मात्र शहरांतील वाचकास सहसा वाचावयास मिळत नाहीं. वर्षांतून एकदां, बकरी ईदेच्या सुमारास, देवनारच्या बाजारांतील एखाद्या धिप्पाड बोकडाची किंमत त्याच्या चित्रासह छापून येते, आणि "एका बोकडास एवढे पैसे!" असें म्हणून वाचक पान उलटतो. ज्या प्रांतांत शेतकऱ्याचें बरेंचसें भांडवल पिढ्यान् पिढ्या चार पायांवर उभें राहिलें, त्या प्रांतांत गुरांच्या भावाकडे सुशिक्षितांचें इतकें दुर्लक्ष व्हावें हें आम्हांस चमत्कारिक वाटतें.

बोरिवलीहून खाडी ओलांडून गोराईस जाणाऱ्या मनुष्यास हा प्रश्न सुचण्याचें कारण नाहीं, असें प्रथमदर्शनीं वाटेल. गोराई, मनोरी, उत्तन हीं धारावी बेटावरचीं गांवें. १७३९ सालीं वसईच्या मोहिमेंत मराठ्यांनीं जो धारावीचा किल्ला घेतला तो याच बेटावरचा. वस्ती कोळ्यांची व ख्रिस्ती शेतकऱ्यांची. धंदा मासळीचा, भाताचा, भाजीपाल्याचा. गुरांचा आठवडी बाजार या बेटावर नाहीं. परंतु मासळी आहे, आणि मासळीचा भाव कसा ठरतो हें पाहावयाचें असेल तर मुंबईच्या ससून गोदीवर पहाटे एक फेरी मारावी. टोपल्यांभोंवतीं कोंडाळें जमतें, बोली मोठ्यानें पुकारली जाते, कोळणी एकमेकींवर चढ करतात, आणि पापलेट कितीस गेलें हें दहा पावलांवर उभ्या असलेल्या परक्या मनुष्यासही कळतें. साष्टीच्या त्याच शेतकऱ्यास नांगरासाठीं बैल घ्यावयाचा झाला तर ठाण्याच्या बाजूची मोठी जत्रा म्हणजे मुरबाडजवळच्या म्हशाची, पौषी पौर्णिमेस म्हसोबाच्या देवळापाशीं भरणारी. तेथें त्याच मनुष्यास अगदीं निराळा व्यवहार दिसतो. मासळीचा भाव ओरडून होतो; बैलाचा भाव तोंडांतून बाहेरच पडत नाहीं.

खेडेगांवांतील आमच्या वाचकांस तो प्रकार सांगावयास नको. शहरांतील वाचकांसाठीं थोडें विस्तारानें लिहितों. घेणारा प्रथम जनावराचे दांत पाहतो. अदांत, दोनदांती, चारदांती, सहादांती आणि अखेर जुळलेला, अशा दांतांवरून बैलाच्या वयाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. बैलाच्या वयाचा दाखला त्याच्या तोंडांतच असतो व तो खोटा करणें कठीण. मग खांदा, खूर, चाल, शिंगांची ठेवण. मारका आहे काय, नांगरास बसतो काय, हें विचारलें जातें आणि त्याचें खरें उत्तर मिळेलच असें नाहीं. इतकें झाल्यावर दलाल पुढें येतो. तो उपरणें किंवा रुमाल हातावर टाकून त्याखालीं विकणाराचीं बोटें धरतो. आंकडा शेंकड्यांचा कीं हजारांचा तें आधीं ठरलेलें असतें. एक बोट दाबलें कीं एक, दोन दाबलीं कीं दोन, सारा पंजा आवळला कीं पांच. विकणारा मान हलवितो, दलाल त्याचा हात सोडून घेणाराकडे वळतो, पुन्हां रुमाल, पुन्हां बोटें. भोंवतीं वीसपंचवीस माणसें उभीं असतात, आणि सौदा पुरा होऊन विसार हातीं पडला तरी किंमत त्यांच्यापैकीं एकासही कळलेली नसते. यालाच हत्ता म्हणतात. जुन्या भाषेंत करपल्लवी. जेथें बोलल्यावांचून चालत नसे तेथें नंदभाषा होती. केवली म्हणजे एक, अवारू म्हणजे दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पांच. दलालांची व सराफांची ही सांकेतिक भाषा आमच्या कोशकारांनीं नोंदून ठेविली आहे, आणि तिच्यावर कोणीं स्वतंत्र अभ्यास केल्यास तो वाचनीय होईल.

हा गुप्तपणा आपल्याकडे अनादि आहे अशी कोणाची समजूत असेल तर ती बरोबर नाहीं. १९०९ सालीं शामशास्त्र्यांनीं कौटिल्याचें अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केलें. त्यांतील शुल्काध्यक्षाच्या प्रकरणांत व्यापाऱ्यानें जकातनाक्याच्या ध्वजाखालीं आपल्या मालाचें प्रमाण व किंमत सांगून घेणारा कोण आहे असें तीन वेळां पुकारावें, अशी आज्ञा आहे. चढाओढीनें किंमत वाढली तर वाढलेला भाग जकातीसह राजाच्या कोशांत जावयाचा. या शेवटच्या कलमावरून आमच्या मनांत एक शंका येते. जेथें वाढीव किंमत सरकार घेऊन जातें, तेथें किंमत उघड पुकारण्याची हौस व्यापाऱ्यास किती दिवस राहील? हत्त्याचा उगम तेथें आहे असें म्हणण्यास आमच्यापाशीं पुरावा नाहीं. पण कर आणि रुमाल यांचें नातें जुनें असावें असें आमचें मत आहे.

हत्त्याच्या बाजूनें बोलण्यासारखें कांहींच नाहीं असें नव्हे. गरजेपोटीं बैल विकणाऱ्या कुणब्याची अब्रू त्या रुमालाखालीं झांकली जाते. चार भाऊबंदांसमोर तो किती पडता भाव घेऊन गेला हें कोणास कळत नाहीं. परंतु त्याच रुमालाखालीं दलालानें विकणारास एक व घेणारास दुसरा आंकडा सांगितला तर तेंही कळत नाहीं. आणि याहून मोठी हानि अशी कीं, मागून येणाऱ्या शेतकऱ्यास आधींच्या जोडीची किंमत ठाऊक नसते. प्रत्येक सौदा विहिरींत टाकलेल्या दगडासारखा. शंभर सौदे झाले तरी बाजाराचा म्हणून भाव तयार होत नाहीं, आणि ज्याला शंभरही ठाऊक असतात असा एकच मनुष्य बाजारांत असतो, तो दलाल.

ही खोड काढण्याचे प्रयत्न कापसापासून सुरू झाले. वऱ्हाडांत १८८६ सालीं कारंजें येथें पहिला नियंत्रित बाजार निघाला, १८९७ सालीं वऱ्हाडापुरता कापूस व धान्य यांच्या बाजारांचा कायदा झाला, मुंबई इलाख्यानें १९२७ सालीं कापसाच्या बाजारांसाठीं कायदा केला. १९२८ सालीं शेतकीच्या शाही कमिशननें असे बाजार सर्वत्र व्हावेत म्हणून शिफारस केली. त्यानंतर मुंबईचा १९३९ चा व महाराष्ट्राचा १९६३ चा कायदा. या शेवटच्या कायद्याखालील नियमांनीं गुप्त खुणांनीं किंमत ठरविण्यास मनाई केली आहे. धान्याच्या आडतींत या मनाईचा पुष्कळ उपयोग झाला. गुरांच्या बाजारांत समितीची कचेरी आली, पावती आली, पाण्याचे हौद झाले, परंतु रुमाल पुरता गेला नाहीं.

तो कां गेला नाहीं याचें उत्तर केवळ दलालांच्या लबाडींत शोधूं नये. इंग्लंडांत १८८७ सालीं बाजारांत गुरें तोलण्याच्या कांट्यांची सोय असावी असा कायदा झाला, आणि तेथें पुढें वजनावर व उघड लिलावानें विक्री रुळली. पण तेथील बैल खाण्यासाठीं विकला जाई. त्याची किंमत त्याच्या मांसाइतकी, आणि मांस तोलतां येतें. आमचा बैल कामासाठीं घ्यावयाचा. पाऊल उचलण्याची ढब, जोडीदाराशीं पटणें, उन्हांत न बसणें, हे गुण कोणत्याही कांट्यावर चढत नाहींत. गव्हाची प्रत ठरवून ढीग लावतां येतो. दोन खिल्लारी खोंडांचा ढीग लागत नाहीं. म्हणून लिलावाचा कायदा गुरांच्या बाबतींत अर्ध्या वाटेवर थांबला, आणि तेथें नुसत्या हुकुमानें तो पुढें जाईल असें आम्हांस वाटत नाहीं.

भाव कसा ठरतो याहूनही तो केव्हां कोसळतो हें पाहणें अधिक बोधप्रद व अधिक दुःखद आहे. सामान्य पदार्थ दुर्मिळ झाला कीं महाग होतो. दुष्काळांत धान्य महाग होतें, कडबा महाग होतो, आणि गुरें मातीमोल होतात. १८७६ ते ७८ च्या दुष्काळांत दख्खनेंत हेंच झालें. १८९९-१९०० च्या दुष्काळानें तर गुजराथेंतील गुरांची दाणादाण केली. माणूस दुष्काळी कामावर चालत जाऊं शकतो. बैलास खडी फोडतां येत नाहीं, आणि दावणीला तो रोज जें खातो त्याचें मोल त्याच्या स्वतःच्या मोलाहून लवकरच वाढतें. म्हणून शेतकरी मिळेल त्या किंमतीस तो सोडतो. मग पाऊस पडतो. वाफसा येतो आणि साऱ्या गांवाला एकाच आठवड्यांत बैल हवे होतात. उतरत्या भावांत विकून चढत्या भावांत घेणें, हा व्यापाराचा सर्वांत वाईट प्रकार शेतकऱ्याच्या नशिबीं नियमानें येतो, आणि मधला खळगा सावकार भरून काढतो. बीं व गुरें घेण्यास सरकारांतून तगाई मिळावी म्हणून १८८४ सालीं जो कायदा झाला त्याची पार्श्वभूमि ही. त्याच्या आदल्याच वर्षीं, १८८३ सालीं, जोतीराव फुल्यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. गोऱ्या शिपायांच्या आहारासाठीं होणारी गुरांची कत्तल व जंगलखात्यानें बंद केलेलीं चराऊ रानें यांमुळें शेतकऱ्यास बैल मिळेनासे झाले, हा त्यांतील एक मुख्य आक्षेप आहे. बैलाच्या टंचाईचा विचार करतांना फुल्यांनीं गवताकडे बोट दाखविलें, हें आम्हांस विशेष वाटतें.

गवतावरून पुन्हां साष्टीकडे येणें प्राप्त आहे, कारण एकोणिसाव्या शतकांत मुंबईच्या घोड्यांस व म्हशींस लागणारें गवत ठाणें जिल्ह्यांतून जाई, आणि लोहमार्ग झाल्यावर तें दाबून, गठ्ठे बांधून, आगगाडीनें जाऊं लागलें. पुढें शहर जसजसें उत्तरेकडे सरकलें तसतसे गोठेही जोगेश्वरी, गोरेगांव, मालाड अशा खाडीपलीकडच्या गांवांत पसरले. तबेल्यांतील म्हशीच्या किंमतीची कथा बैलाहून निराळी आहे. ती शेंकडो कोसांवरून, गुजराथ-पंजाबकडून, नुकतीच व्यालेली आणावयाची. तिचा भाव दुधावर. दूध आटून ती भाकड झाली म्हणजे शहराच्या महाग जागेंत, विकतच्या चाऱ्यावर पुढील वेतापर्यंत तिला पोसणें मालकास परवडत नसे. मग ती चांगली धडधाकट, पुढें अनेक वेतें देण्याजोगी असतांही वांद्र्याच्या कसाईखान्याकडे जाई. हा कसाईखाना आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर असतांना, १८६० नंतरच्या दशकांत, शहरांतून हलवून तेथें नेलेला. परप्रांतांतील उत्तम दुभत्या जातींचा असा एका वेतांत निकाल लागे, आणि त्यांतील रेडकांची वाट काय होत असेल हें सांगावयास नको. यांत कोणी राक्षस नव्हता. जागेचें भाडें, सरकीपेंडीचा दर व दुधाचा दर यांची बेरीजवजाबाकी होती. १९४९ सालीं आरे येथें गोठ्यांची वसाहत सुरू झाली, ती या वजाबाकींतून वाट काढण्याचा प्रयत्न म्हणूनही पाहिली पाहिजे. सर्व तबेले कांहीं तेथें गेले नाहींत. वांद्र्याचें काम १९७१ सालीं देवनारास गेलें.

आज चाकणला शनिवारीं, सांगोल्यास रविवारीं, घोडेगांवास शुक्रवारीं जनावरांचा बाजार भरतो. माळेगांवची खंडोबाची जत्रा, खरसुंडीची खिल्लारांची जत्रा अद्याप गाजतात. पण या बाजारांतील भावास आतां पूर्वींचीं कारणें पुरत नाहींत. नांगराचें काम ट्रॅक्टरनें घेतलें. २०१२ च्या पशुगणनेंत महाराष्ट्रांत गाईबैल सुमारें १ कोटी ५५ लक्ष होते, ते २०१९ मध्यें १ कोटी ४० लक्षांवर आले. गाईंच्या कत्तलीस १९७६ च्या कायद्यानें बंदी होती, ती २०१५ सालीं बैलांस लागू झाली. त्यामागील भावनेचा वाद येथें काढण्याचें प्रयोजन नाहीं. भावाच्या दृष्टीनें एवढें खरें कीं थकलेल्या बैलाची जी कांहीं किंमत येई ती नव्या जोडीच्या खरेदींत भर घाली, आणि ती भर गेली अशी शेतकऱ्यांची तक्रार आहे. उलट शर्यतीच्या बैलाचें पाहा. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें शर्यती थांबल्या, खिल्लारी खोंडांस गिऱ्हाईक राहिलें नाहीं. २०२१ च्या डिसेंबरांत परवानगी मिळाली, २०२३ च्या मे महिन्यांत घटनापीठानें ती कायम केली, आणि नांवाजलेल्या बैलाचा सौदा लाखांच्या भाषेंत होऊं लागला. तेव्हां एकाच जातीच्या दोन भावांपैकीं एकाचें मोल वेगावर आणि दुसऱ्याचें जवळजवळ शून्यावर, असा प्रकार आहे. मध्यंतरीं २०२२ च्या सप्टेंबरांत लंपी रोगामुळें सरकारनें गुरांचे बाजारच बंद केले. ज्याला त्या आठवड्यांत औषधपाण्यास किंवा लग्नकार्यास पैसा हवा होता, त्याच्या गोठ्यांत जनावर होतें, पण त्याला भाव नव्हता. पडलेला भावही नव्हता.

देवनारचा मात्र वार चुकत नाहीं. एरवीं मंगळवार व शनिवार हे तेथील शेळ्यामेंढ्यांचे दिवस. ईदेच्या आधीं रोजच बाजार, आणि राजस्थानापासून बकरे येतात. येथें रुमाल फारसा लागत नाहीं. घेणारा एकदांच येणारा गृहस्थ, मुलांना घेऊन आलेला. त्याला दांत पाहतां येत नाहींत, तो मुलांच्या डोळ्यांकडे पाहून किंमत बोलतो. पहिले दिवस विकणाराचे असतात. मग पाऊस लागतो, चिखल होतो, चारा विकत घ्यावा लागतो, आणि ईदेच्या आदल्या संध्याकाळीं दूरचा व्यापारी, उरलेले बकरे परत नेण्याचें ट्रकभाडें बोटांवर मोजीत, पहिल्या दिवशीं झिडकारलेल्या किंमतीची स्वतःच चौकशी करूं लागतो.