मुरघास : हरवणाऱ्या पोषणाचा शोध

जालना जिल्ह्यातील हसनाबाद परिसरात पावसाळ्यात बांधावर गवत माजते आणि उन्हाळ्यात जनावरांपुढे टाकायला पेंढी मिळत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळाची झळ तर साऱ्या जिल्ह्याने सोसली. हिरवी वैरण खड्ड्यात हवाबंद मुरवून मुरघास करणे हा यावरचा एक उपाय. पण खड्डा उघडल्यावर कधी काळपट, उग्र वासाची वैरण हाती येते. पोषण जाते कुठे? हे कोडे सुटायला बराच काळ लागला.

फ्रान्समधील शेतकरी ऑग्युस्त गोफार यांनी हिरव्या मक्याच्या मुरघासाचे प्रयोग वर्षानुवर्षे केले आणि १८७७ मध्ये त्यांवर पुस्तक लिहिले. बारीक कुट्टी करा, दाबून भरा, हवा राहू देऊ नका, हे त्यांचे सूत्र. कारण कापलेले गवत लगेच मरत नाही. हवा असेपर्यंत त्याच्या पेशी श्वसन करतात, साखर खर्च होते आणि ढीग तापतो.

मात्र हवा काढूनही काही वैरण नासतेच. हवेवाचून वाढणाऱ्या जिवाणूंचे दोन गट येथे झगडत असतात. पहिला गट दह्यातील जिवाणूंचा भाऊबंद. तो १८० ग्रॅम ग्लुकोजपासून जवळजवळ तेवढेच लॅक्टिक आम्ल करतो. दुसरा गट त्याच १८० ग्रॅम लॅक्टिक आम्लापासून केवळ ८८ ग्रॅम ब्युटिरिक आम्ल करतो, उरलेले वायुरूपाने निघून जाते. शिवाय प्रथिनांचे विघटन होऊन अमोनिया तयार होतो. उग्र वास येतो तो यामुळेच.

फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ आर्तुरी व्हिर्तानेन यांनी १९२० च्या दशकात या प्रश्नाला हात घातला. तेथील लांब हिवाळ्यात गाईंना प्रथिनयुक्त वैरण हवी असे. सामू ४ च्या खाली नेला, तर दुसरा गट निष्प्रभ होतो हे ओळखून त्यांनी वैरणीवर सौम्य केलेली खनिज आम्ले शिंपडण्याची पद्धत काढली. प्रामुख्याने याच कामासाठी त्यांना १९४५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हसनाबादच्या शेतकऱ्याला आम्ल विकत आणायची गरज नाही. ते पहिल्या गटाकडून करवून घेता येते. मक्यात साखर पुरेशी असते. गवतात ती कमी म्हणून गुळाचे पाणी किंवा मळी मिसळावी. गवत फुलोऱ्यात कापून थोडे सुकवावे. कुट्टी मुठीत दाबल्यावर पाणी टपकले, तर ती फार ओली समजावी. खड्ड्यातून पाझरणाऱ्या अशा पाण्याबरोबर साखर, प्रथिने व क्षार वाहून जातात. खड्डा उघडल्यावरही रोज लागेल तेवढाच मुरघास काढून तोंड पुन्हा झाकावे, नाहीतर हवा शिरून बुरशी धरते.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. दोन जाड प्लास्टिक पिशव्यांत ओल्या गवताची कुट्टी दाबून भरावी, एकीत थोडे गुळाचे पाणी घालावे आणि हवा काढून तोंडे घट्ट बांधावीत. तीन आठवड्यांनी रंग, वास आणि सामूदर्शक कागदावरचा फरक विद्यार्थ्यांनाच नोंदवू द्यावा. व्हिर्तानेन यांना पडलेला प्रश्न मग त्यांचाही होईल.