घरच्या कार्यशाळेसाठी थिकनेस प्लेनर : निवड, खर्च आणि खबरदारी

अमेरिकेत गॅरेज किंवा तळघर असलेले घर लाभले की सुतारकामाचा छंद अनेकांच्या मनात मूळ धरतो. देव्हारा, पुस्तकांचे कपाट, पोळपाट अशा घरगुती गरजांपासून त्याचा आरंभ होतो. करवत, ड्रिल, क्लॅम्प अशी आयुधे हळूहळू जमा होतात आणि मग एक अडचण पुढे उभी राहते. मोठ्या गृहोपयोगी दुकानांतील तयार फळ्या ठरावीक जाडीच्याच मिळतात. ‘एक बाय सहा’ म्हणून विकली जाणारी फळी प्रत्यक्षात पाऊण इंच जाड आणि साडेपाच इंच रुंद असते. अक्रोड, मेपल, चेरी, ओक यांचे खडबडीत लाकूड वखारीत तुलनेने स्वस्त मिळते. पण ते वापरण्याजोगे करण्यासाठी हाताने रंधा मारणे किंवा थिकनेस प्लेनर घेणे, हे दोनच मार्ग उरतात. या यंत्राची खरेदी करताना कोणत्या बाबी पाहाव्यात, याचा हा आढावा.

यंत्र काय करते आणि काय करत नाही

बाकावर ठेवण्याजोग्या प्लेनरमध्ये फळी पलंगावर, म्हणजे खालच्या सपाट पृष्ठभागावर टेकते. दोन रबरी रूळ तिला पुढे ओढतात आणि वर फिरणारी पाती तिचा वरचा थर कापतात. खालच्या पृष्ठभागाला समांतर असा वरचा पृष्ठभाग तयार करणे, एवढेच या यंत्राचे काम. फळीला बाक किंवा पीळ असेल तर रुळांच्या दाबाखाली ती तात्पुरती सरळ होते आणि बाहेर पडताच पुन्हा मूळ आकार घेते. परिणामी जाडी सर्वत्र सारखी होते, वाकडेपणा मात्र कायम राहतो.

म्हणूनच फळीची एक बाजू आधी सपाट करावी लागते. हे काम जॉइंटर करतो. जॉइंटर नसल्यास सपाट प्लायवूडच्या पाटावर फळी ठेवून, तिच्या उचललेल्या कोपऱ्यांखाली पाचरी घट्ट बसवून, तो पाटच प्लेनरमधून सरकवता येतो. जागेची टंचाई असलेल्या कार्यशाळेत ही युक्ती जॉइंटरची खरेदी कित्येक वर्षे लांबणीवर टाकू शकते.

नावांचा घोळही येथेच लक्षात घ्यावा. अमेरिकेत ज्याला जॉइंटर म्हणतात त्याला ब्रिटनमध्ये ‘प्लेनर’ आणि भारतातील कारखान्यांत ‘सरफेस प्लेनर’ म्हणतात. अमेरिकेतील ‘प्लेनर’ ब्रिटनमध्ये ‘थिकनेसर’ होतो. ब्रिटनमधील पुस्तके किंवा चित्रफिती पाहून अमेरिकेत खरेदी करणाऱ्याची यामुळे फसगत होऊ शकते.

आकडे वाचावेत कसे

बाकावरील बहुतेक यंत्रांची रुंदी साडेबारा ते १३ इंच असते आणि त्यांतून सुमारे ६ इंचांपर्यंत जाडीचे लाकूड जाते. घरगुती कामाला ही रुंदी पुरेशी असते. त्याहून रुंद माथा दोन भागांत रंधून नंतर जोडता येतो. त्यामुळे रुंदीतील अर्ध्या इंचाच्या फरकापेक्षा पुढील बाबी अधिक निर्णायक ठरतात.

पहिली बाब म्हणजे दर इंचामागे पडणारे काप. पात्यांचा दंडगोल मिनिटाला किती फेरे घेतो, त्यावर पाती किती आहेत आणि फळी किती वेगाने पुढे सरकते, यांवरून हा आकडा निघतो. उदाहरणार्थ, डिवॉल्टच्या डीडब्ल्यू ७३५ या १३ इंची यंत्रात तीन पाती असून दंडगोल मिनिटाला १०,००० फेरे घेतो. फळी मिनिटाला २६ फूट वेगाने गेल्यास इंचामागे ९६ काप पडतात. वेग १४ फुटांवर आणल्यास तोच आकडा १७९ होतो. पहिला वेग जाडी कमी करण्यासाठी आणि दुसरा अखेरच्या गुळगुळीत हातासाठी. त्याच कंपनीच्या डीडब्ल्यू ७३४ या साडेबारा इंची यंत्रात ९६ कापांचा एकच वेग आहे. काप जितके जास्त, तितके नंतरचे पॉलिशपेपरचे श्रम कमी.

दुसरी बाब पात्यांची. सरळ पाती स्वस्त असतात आणि अनेक यंत्रांत ती दुधारी असल्याने एकदा उलटवून वापरता येतात. मात्र एखादा खिळा किंवा वाळूचा खडा लागला की संपूर्ण पात्याला खाच पडते आणि तिची रेघ प्रत्येक फळीवर उमटते. सर्पिल दंडगोलावर कार्बाइडचे छोटे चौकोनी तुकडे बसवलेले असतात. खाच पडल्यास तेवढाच तुकडा ९० अंशांत फिरवावा लागतो. आवाज कमी होतो आणि गाठी किंवा उलटसुलट रेषा असलेले लाकूडही उचकटत नाही. मात्र किंमत बरीच वाढते आणि मोटरवर भार जास्त येत असल्याने प्रत्येक फेरीत पातळ थर घ्यावा लागतो. सागवानात सिलिका असल्याने साधी पाती लवकर बोथट होतात. जुन्या सागवानी लाकडावर काम करण्याचा मानस असलेल्यांनी हा मुद्दा विशेष ध्यानात घ्यावा.

तिसरी बाब टोकांवर पडणाऱ्या खळग्याची. कारागीर त्याला ‘स्नाइप’ म्हणतात. फळी आत शिरताना आणि बाहेर पडताना एकाच रुळाच्या पकडीत असते. त्या क्षणी तिचे टोक किंचित उचलले जाऊन शेवटचे दोन-तीन इंच अधिक कापले जातात. पात्यांचा भाग घट्ट स्थिर करणारी रचना आणि पुढे-मागे लांब आधारफळ्या असलेल्या यंत्रांत हा दोष कमी आढळतो. तो पूर्णपणे टाळण्याचे आश्वासन मात्र कोणत्याही यंत्राबाबत गृहीत धरू नये. फळी काही इंच लांब ठेवून शेवटी टोके कापून टाकणे, हा खात्रीचा उपाय.

वीज, वजन आणि भुसा

अमेरिकेतील अशी यंत्रे बहुधा १५ अँपिअर आणि १२० व्होल्टची, म्हणजे सुमारे १,८०० वॉटची असतात. गॅरेजमधील १५ अँपिअरच्या सर्किटवर त्याच वेळी व्हॅक्यूम चालवल्यास ब्रेकर पडणे जवळजवळ निश्चित. शक्यतो २० अँपिअरचे स्वतंत्र सर्किट असावे आणि जोडतार लागलीच तर ती १२ गेजची व आखूड असावी.

वजनाकडे दुर्लक्ष करू नये. डीडब्ल्यू ७३४ चे वजन सुमारे ८० पौंड, तर ७३५ चे सुमारे ९२ पौंड, म्हणजे जवळपास ४२ किलो. प्रत्येक वेळी कपाटातून काढून ठेवायचे यंत्र म्हणून हे कल्पिणे अवघड आहे. चाके असलेला मजबूत स्टँड हा खर्चाचा भाग मानावा.

भुश्याचा हिशेब अनेकदा खरेदीनंतर कळतो. १२ इंच रुंद आणि ८ फूट लांब फळीची जाडी पाव इंचाने कमी केली तर सुमारे पावणेपाच लिटर घन लाकूड कापले जाते. ढलप्यांच्या रूपात ते त्याच्या कित्येक पट जागा व्यापते. साधा व्हॅक्यूम लगेच भरतो. ४ इंची नळी जोडता येणारा धूळसंग्राहक, अथवा ढलप्या बाहेर फेकणारा पंखा असलेले यंत्र, हे दोन व्यवहार्य पर्याय. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवासाठी कर्ककारक घटकांच्या गटात ठेवले आहे. त्यामुळे श्वसनाचा मुखवटा हा ऐच्छिक भाग नव्हे.

कान, बोटे आणि जुने लाकूड

सरळ पात्यांच्या यंत्राचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संशोधन संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तास, तर १०० डेसिबलचा केवळ १५ मिनिटे सहन करावा. कर्णरक्षक अनिवार्य आहेत. सामाईक भिंतीच्या टाउनहाउसमध्ये शेजाऱ्यांचाही विचार करावा लागतो.

आखूड तुकडे हा नवशिक्यांच्या अपघातांचा नेहमीचा विषय. दोन रुळांमधील अंतरापेक्षा लहान तुकडा मध्येच मोकळा सुटतो, पात्यांवर आदळतो आणि फेकला जातो. बहुतेक उत्पादक किमान १२ ते १४ इंच लांबीची अट घालतात. दहा इंची पोळपाटाचा चौकोन कापून तो प्लेनरमध्ये घालणे म्हणूनच धोक्याचे. लांब जोडफळी आधी रंधावी, तिच्यावरील वाळलेला गोंद खरवडून काढावा आणि नंतर त्यातून दोन-तीन पोळपाट कापावेत. रेषा उभ्या असलेले, म्हणजे एंडग्रेन पद्धतीचे चॉपिंग बोर्ड या यंत्रात घालूच नयेत.

मोडलेल्या घरांतील जुन्या फळ्या स्वस्त मिळतात, पण त्यांत खिळे दडलेले असतात. धातुशोधक फिरवल्याशिवाय त्या आत घालू नयेत. अमेरिकेत घरगुती रंगातील शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. त्यापूर्वीच्या रंगवलेल्या फळ्या रंधणे म्हणजे विषारी धूळ घरभर पसरवणे होय. काम करताना हातमोजे घालू नयेत आणि पाती बदलण्यापूर्वी प्लग काढावा.

खरेदी करावी का ?

या प्रश्नाचे उत्तर कामाच्या प्रमाणावर अवलंबून आहे. समजा, यंत्राला ६०० डॉलर आणि स्टँड, नळी व कर्णरक्षकांना २५० डॉलर लागले. खडबडीत आणि तयार लाकडाच्या दरात बोर्ड फुटामागे ३ डॉलरचा फरक धरला, तर २० बोर्ड फुटांच्या एका टेबलामागे ६० डॉलर वाचतात. म्हणजे खर्च वसूल होण्यास चौदा-पंधरा टेबले लागतील. वर्षाकाठी एखादी वस्तू करणाऱ्याने लाकडाच्या वखारीतच शुल्क देऊन फळ्या रंधून घ्याव्यात किंवा सामुदायिक कार्यशाळेचे सदस्यत्व घ्यावे, हे शहाणपणाचे. बचतीपेक्षा हव्या त्या जाडीचे स्वातंत्र्य ज्यांना मोलाचे वाटते, त्यांच्यासाठी हिशेब वेगळा ठरतो.

जुने यंत्र घेताना रबरी रुळांना पडलेल्या चिरा, वरच्या भागाची डगमग आणि पाती अद्याप बाजारात मिळतात की नाही, हे तीन प्रश्न आधी सोडवावेत. शक्य असल्यास एक फळी रंधून, तिच्या दोन्ही कडांची जाडी कॅलिपरने मोजावी.

भारतात परतण्याचा बेत असलेल्यांसाठी आणखी एक मुद्दा. १२० व्होल्टचे यंत्र भारतातील २३० व्होल्टवर थेट चालत नाही. या यंत्रांतील युनिव्हर्सल मोटरला ५० हर्ट्झची अडचण येत नाही, पण किमान ३ किलोव्होल्ट-अँपिअरचा जड उतरण ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि हमी बहुधा खरेदीच्या देशापुरतीच असते. दोन-तीन वर्षांत परतणाऱ्याने जुने यंत्र घेऊन निघताना विकणे अधिक सोयीचे. ब्रिटन आणि संयुक्त अरब अमिरातीतील यंत्रांना ही अडचण येत नाही.

यंत्र घरी आल्यावरही घाई नको. फळ्या आधी काही दिवस कार्यशाळेच्या हवेत राहू द्याव्यात, दोन्ही बाजूंनी सारखाच थर काढावा आणि एका फेरीत कठीण लाकडाचा एक-बत्तिसांश इंचाहून अधिक थर घेऊ नये. महागड्या यंत्रावर घाईने काढलेल्या फळीपेक्षा साध्या यंत्रावर सावकाश काढलेली फळी बहुधा अधिक चांगली निघते.